गंजी म्हणजे बनियन नव्हे

आमच्या घरात खळीला गंजी म्हणतात. आम्ही विणकर, घरात तेलुगू बोलणारे आणि दाराबाहेर पाऊल पडलं की मराठी. माग सुरू करण्याआधी उभ्या सुताला पिठाची पेज लावून ते कडक करायचं, म्हणजे विणताना तुटत नाही, ती ही गंजी. कॉलेजात मराठी मैत्रिणींना मी "आज घरी गंजी उकळायची आहे" म्हटलं, तर त्यांना वाटायचं आम्ही बनियन उकळतो. त्या हसायच्या आणि मलाही मजा वाटायची. पुढे या एका शब्दापायी मी माझ्या वडिलांचं काम घालवलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

आमच्या एमआयडीसीत एका बंद सूतगिरणीच्या जागेवर हलक्या संमिश्र साहित्याचं संशोधन केंद्र उघडलं. लोखंडापेक्षा हलकं आणि लोखंडाला भारी पडणारं साहित्य इथं बनणार होतं. कार्बनच्या काळ्या धाग्याचं कापड विणायचं, त्याचे थर रसायनात बुडवून एकावर एक चिकटवायचे, की ड्रोनपासून बसच्या दारापर्यंत काहीही करता येतं. केंद्र म्हणजे सरकार, एक कंपनी आणि एक कॉलेज यांची भागीदारी. सरकारनं शेड आणि पाटी दिली. कंपनीनं परदेशी माग दिला, जो खोक्यात होता आणि खोक्यातच राहिला, कारण तो जोडणारा माणूस परदेशातून यायचा होता. कॉलेजनं मार्गदर्शन दिलं. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना भविष्यातलं कापड दाखवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांना सोलापुरी चादर आणि शेंगाची चटणी देऊन वाटेला लावलं. चटणीबद्दल सगळ्यांचं मत चांगलं पडलं.

मी तिथं प्रकल्प सहायक होते. कंत्राटी. काम म्हणजे इंग्रजीतून आलेलं मराठीत सांगायचं, मराठीतलं इंग्रजीत लिहायचं, आणि बैठकांचं इतिवृत्त ठेवायचं. खोक्यातला माग काही उघडेना आणि वरून विचारणा सुरू झाल्या, तेव्हा कुणीतरी म्हणालं की सोलापुरात मागांना काय तोटा आहे, जुना यंत्रमाग आणा आणि विणणारा माणूस आणा. मी लगेच नायनांचं नाव सुचवलं. नायना म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले, आणि नायना घरात बसून पंख्याचा आवाज ऐकून सांगू लागले की बेअरिंग गेलंय. पंख्यांची बेअरिंगं खरोखर गेलेली असायची, पण त्यानं माणसाचा दिवस जात नाही. मला ते बघवत नव्हतं.

केंद्रानं त्यांना 'संसाधन व्यक्ती' हे पद दिलं. नायनांनी दोनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. पण केंद्राच्या मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं, कापड तपासायला येणाऱ्या समितीसमोरची चाचणी पार पडली तर नव्या मुलांना शिकवायला त्यांना कायम प्रशिक्षक म्हणून घेऊ. त्या दिवसापासून नायना इस्त्रीचा सदरा घालून कामाला यायला लागले.

पहिल्याच आठवड्यात केंद्रातली वीज तीनदा गेली. मोठ्या साहेबांनी वीज मंडळाला कडक पत्र लिहिलं. नायनांनी मागाजवळची स्विचपेटी उघडली, आत साठलेलं काळं तूस बोटावर घेऊन बघितलं आणि पेटीला प्लॅस्टिकची पिशवी बांधली. कार्बनच्या तुसातून वीज खेळते हे आमच्या तज्ज्ञांना माहीत होतं, फक्त ते इथं लागू होतं हे माहीत नव्हतं. मंडळाकडून दिलगिरीचं उत्तर आलं. ते आम्ही फाईलला लावलं.

मग बंगळुरूच्या तज्ज्ञांशी व्हिडिओवर बैठक झाली. ते इंग्रजीत म्हणाले की धाग्याचं साइझिंग नीट आहे ना ते पाहा, साइझिंगशिवाय हा धागा विणता येणार नाही. कार्बनच्या धाग्यावर कंपनीतूनच एक पातळ थर दिलेला असतो, त्याला ते साइझिंग म्हणतात. पुढे रसायन धाग्याला चिकटतं ते त्याच्यामुळे. ते आहे की नाही, एवढंच बघायचं होतं. पण सोलापुरात सायझिंग म्हणजे काय हे रस्त्यावरच्या कुणालाही विचारा. सूत खळ लावायला नेतात त्या कारखान्यांच्या पाट्यांवरच सायझिंग लिहिलेलं असतं.

तरी मी तो इंग्रजी शब्द तसाच ठेवला असता तर नायनांनी विचारलं असतं, "कसलं सायझिंग?" पण साहेब शेजारी होते, मला हुशारी दाखवायची होती. मी वळून तेलुगूत म्हणाले, "नायना, गंजी नीट पाहिजे म्हणतात. नाहीतर धागा तुटेल."

नायनांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत तिथं पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना कळणारं बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी ते घरून पातेलं, कुंचा आणि चिंचोक्याचं पीठ घेऊन आले आणि साहेबलोक यायच्या आत त्यांनी सगळ्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, गंजी लावली. कंपनीचे व्यवस्थापक आत येता येता नाक वर करून म्हणाले, "अरे वा, कँटीन सुरू झालं वाटतं!" आणि सरळ केबिनमध्ये गेले. मी माझ्या टेबलाशी 'हलका भारत, बलशाली भारत' अशी सादरीकरणाची पानं रंगवत होते. वास मलाही आला. लहानपणापासूनचा वास. मला बरं वाटलं, यापलीकडे मी काही विचार केला नाही.

कापड मात्र असं उतरलं की काय सांगावं. आधीच्या तुकड्यांत धागे पिंजून निघायचे, यात एक केस इकडचा तिकडे नाही. तिन्ही भागीदारांनी त्याच्यासोबत वेगवेगळे फोटो काढले.

चाचणीला समिती आली. कापडाचे थर चिकटवून बनवलेली फळी यंत्रात ठेवली, दाब दिला, आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा वरचा थर अलगद सुटून वर आला. मग दुसरा. मग तिसरा. पिठामुळे रसायन धाग्याला धरलंच नव्हतं. समितीतले एक गृहस्थ थर बोटानं उचलून वास घेत म्हणाले, "चिंच?"

लगेच बैठक बसली. सरकारी अधिकारी म्हणाले, आमचा संबंध इमारतीशी, इमारत शाबूत आहे. कंपनी म्हणाली, रसायन आमचं, ते उत्तम आहे. कॉलेज म्हणालं, मार्गदर्शन आमचं, ते लेखी आहे. हलकं साहित्य बनवायचं राहिलं होतं, पण जबाबदारी हलकी करण्याचं तंत्र तिघांनी पूर्ण विकसित केलं होतं. शेवटी साहेबांनी भिंतीशी उभ्या असलेल्या नायनांना विचारलं, "पीठ लावायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी कोपऱ्यात इतिवृत्त टाइप करत होते. माझी बोटं थांबली.

नायनांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "कोन सांगनार साहेब? मीच लावली की. चाळीस वरीस लावतोय, लई सवय हाय हाताला."

"तुमच्या मुलीनं बैठकीतलं तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं का?"

"सांगितली की. न्हाय लावायची म्हनली हुती. मीच आयकलं न्हाय."

हे वाक्य मी इतिवृत्तात घेतलं. शुद्ध करून घेतलं, कारण ते माझं कामच होतं. अहवालात शेवटी आलं, 'स्थानिक कारागिराची अनवधानाने झालेली चूक.' तोवर ते संसाधन व्यक्ती होते. चूक नोंदवताना मात्र सगळ्यांना एकदम आठवलं की हा कारागीर आहे.

घरी मी रडले. नायना म्हणाले, "अम्मा, माझं काम होऊन गेलं, तुझं व्हायचंय." आमच्यात मुलीला अम्मा म्हणतात. मला स्वतःची किळस आली, हे मी खरं सांगते. आणि दुसऱ्या दिवशी मी वेळेवर कामावर गेले, हेही खरं.

आता परदेशी माग खोक्याबाहेर आला आहे आणि त्याच्यावर कधीकधी कापडही निघतं. पण दर्शनी भागात काचेच्या चौकटीत नायनांचंच कापड लावलंय, कारण तेवढं देखणं दुसरं निघालं नाही. खाली तिन्ही भागीदारांची नावं आहेत. पाहुण्यांना ते मी दाखवते, मी आता समन्वयक आहे.

परवा केंद्र सर्वांना बघायला खुलं होतं. पोरांच्या एका घोळक्याला मी माहिती देत होते आणि मागे इस्त्रीच्या सदऱ्यात नायना उभे. मला न सांगता आले होते. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे कोणी विणलं?"

साहेब जवळच होते. मी म्हणाले, "आपल्या केंद्रानं."

मागून नायना म्हणाले, "बराबर हाय." मग काचेला नाक लावून ते बराच वेळ बघत राहिले, आणि घोळका पुढे सरकला तेव्हा त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी फाटकावरचा वॉचमन रजिस्टर घेऊन आला. "मॅडम, एक काका रकाना रिकामा सोडून गेलेत. कायतरी लिहायला लागतंय." येण्याचं कारण या रकान्यात नायनांनी लिहिलं होतं, 'कापड बघायला'. कोणाला भेटायचं, तिथं काहीच नव्हतं.

मी पेन घेतलं आणि तिथं माझं नाव लिहिलं. नातं कुणी विचारलं नव्हतं, तरी पुढे 'मुलगी' असं लिहिलं. नायना त्याआधीच रिक्षात बसून घरी गेले होते.