पौनीकर सरांचं डोकं

पौनीकर सरांनी कुणाकडे नुसते डोळे वळवून पाहिल्याचं मला आठवत नाही. पाहायचं तर ते अख्खं डोकं वळवायचे. कॅन्टीनमध्ये मीठ हवं असलं तरी आधी मान वळायची, नाक थेट मिठाच्या डबीवर रोखलं जायचं आणि मग हात पुढे व्हायचा. इतवारीच्या बाजारात त्यांच्यासोबत रस्ता ओलांडणं म्हणजे तर सोहळाच. एकदा हातठेल्याकडे, एकदा टेम्पोकडे असं डोकं फिरवत ते असे निघायचे, की ठेलेवालेच थबकायचे. नवख्या माणसाला वाटे, हा गृहस्थ आपल्यावर नेम धरून बसलाय. सवय तशीच होती त्यांची.

आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी लढाऊ विमानं चालवली होती. निवृत्त होऊन गावी, नागपूरला परतले आणि आमच्या छोट्याशा कंपनीत सल्लागार म्हणून आले. वैमानिकांच्या हेल्मेटची चाचणी घेणं हे आमचं काम. आताच्या हेल्मेटला आपण कुठे वळलो ते कळतं. वैमानिकाच्या डोळ्यांपुढच्या काचेवर एक हिरवी फुली दिसते. तो डोकं वळवेल तिकडे ती जाते आणि तिच्यामागोमाग क्षेपणास्त्राची नजरही जाते. आमच्याकडे लाकडी कॉकपिट होता, कारण आसपास लोखंड आलं की हेल्मेटची दिशा ओळखणारं आमचं चुंबकी यंत्र गोंधळतं. त्यात बसून सर डोकं वळवायचे आणि मी पडद्यावर फुलीची चूक मोजायचो.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं, "सर, या यंत्राला आपले डोळे कळतात का?"

"डोळे नाही समजत गा त्याले," ते म्हणाले. "डोकंही नाही समजत. त्याले फक्त टोप समजते. टोप अन् डोकं एकजीव पाहिजे, बाकी सारं होऊन जाते."

हेल्मेटला ते टोपच म्हणायचे. प्रत्येकाचा टोप त्याच्या डोक्याच्या मापाने आतून घडवलेला असतो, म्हणून सरांचा एक कडक नियम होता: चाचणीला बसणाऱ्याने त्यांना सांगितल्याशिवाय केस कापायचे नाहीत. आमच्यातली सगळ्यात धाकटी इंजिनीअर शलाका एकदा लग्नासाठी छान केस कापून आली. सरांची मान तिच्याकडे वळली आणि तिथेच थांबली.

"केस कापले वं?"

"थोडेच, सर."

"मग टोपही थोडाच हालन. वर आभाळात थोडंच म्हणजे किती, माहीत आहे का तुले?"

त्या दिवशीची चाचणी रद्द झाली. शलाका चिडली, पण पुन्हा कधी न सांगता तिने बटसुद्धा कापली नाही.

सरांचं घर विणकरांचं. गांधीबागेजवळच्या गल्लीत त्यांची आई राहायची. नव्वदीकडे झुकलेली, जन्मभर हातमागासाठी सुताच्या कांड्या भरलेली बाई. दुपारचा डबा उघडण्याआधी सर तिला फोन करायचे. "धागा ढिला पडला का पोत गेला, असं माही माय म्हणते," हे वाक्य ते आम्हाला हेल्मेटचा पट्टा आवळताना ऐकवायचे. मी एकदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा म्हातारीने मला जवळ बसवून घेतलं. "याने मान हालवली का तोफ हालते म्हणतेत. लहानपणी तं माह्यं एक आयकत नव्हता." सर शेजारी बसून कौतुकाने हसत होते. विंग कमांडर वगैरे सगळं उंबऱ्याबाहेर राहिलं होतं.

त्यांची आई गेली, तेव्हा आमच्यासमोर मोठं काम होतं. हवाई दलाचे अधिकारी प्रात्यक्षिक पाहायला येणार होते. ते फसलं असतं तर चाचणीचं काम दुसऱ्या शहरात गेलं असतं आणि आमच्या कंपनीला टाळं लागलं असतं. तेरवी आटोपून सर थेट कामावर आले. डोक्यावर टोपी होती. हेल्मेट घालताना ती काढली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

पाहुणे येण्याच्या दिवशी सकाळी सराव घेतला. डोकं सावकाश वळवलं की सगळं ठीक, झटक्यात वळवलं की फुली मागे राहायची. मी लोखंड शोधायला लागलो. पट्टे काढले, किल्ल्या बाहेर नेल्या, बाजूला उभ्या एका सहकाऱ्याचा चष्मासुद्धा उतरवला. चूक तशीच. आमचे व्यवस्थापक सारखं घड्याळ पाहत होते. सर कॉकपिटमध्ये स्वस्थ बसले होते. त्यांनी हेल्मेट उतरवलं आणि मुंडण केलेल्या डोक्यावरून सावकाश हात फिरवला.

"थांब गा," ते मला म्हणाले. "तू लोखंड कायले शोधून राहिला? हे डोकं ते नाहीच."

आम्हा सगळ्यांना ते दिसलं होतं, आणि दुखवट्यातल्या माणसाच्या डोक्याकडे बघायचं नाही म्हणून कुणीच पाहिलं नव्हतं.

व्यवस्थापक हळूच म्हणाले, "सर, आज सावकाशच वळवून दाखवू. त्यांना काय कळतंय."

"दुश्मन सावकाश येत नाही, साहेब."

पाहुणे आत आले तेव्हा सर उठून उभे राहिले. "माझी आई गेली. मी केस उतरवले आणि टोपाचं माप नव्याने घेतलं नाही. नियम माझाच होता, मोडलाही मीच. मला दुपारपर्यंत वेळ द्या." आवाजात ना लाज होती, ना गयावया. पाहुण्यांमधले वयस्क अधिकारी एवढंच म्हणाले, "आधी ही चूक दाखवा. मग दुरुस्ती."

सरांनी ती चूक झटक्यात मान वळवून दाखवली. मग शलाकेने टोपात आतून पातळ गाद्या बसवल्या, दुपारी फुली डोक्याला चिकटून फिरली आणि काम नागपुरातच राहिलं. मला मात्र त्या दिवशीचा विजय फारसा आठवत नाही. त्या गाद्यांचं माप घेताना शलाकेचे हात सरांच्या डोक्यावर होते आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते, तेवढं आठवतं. आई गेल्याची पोकळी आम्ही मोजली होती, असं मला वाटलं.

त्यानंतर सरांनी नियम वाढवला. टोप देण्याआधी समोरच्याला विचारायचं: "केस कापले का?" आणि लगेच, "घरी सारे बरे आहेत ना?" उत्तर येईपर्यंत ते टोप हातातच धरून ठेवायचे. पुढे मानेच्या दुखण्याने रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी त्यांना टोप घालायची मनाई केली, तरी विचारायला ते रोज यायचेच. येणं अगदीच थांबलं, तेव्हा हे विचारणं माझ्याकडे आलं.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. त्यांना पोचवून आलो आणि दुसऱ्या सकाळी कामावर हजर झालो. चाचणीला शलाका बसणार होती. मी टोप हातात घेऊन नेहमीसारखं विचारलं.

"केस तेवढेच आहेत. घरी सगळे बरे आहेत," ती म्हणाली. मग तिने अख्खं डोकं माझ्याकडे वळवलं. "सर, तुमच्याकडे?"

सवयीने 'हो' म्हणणार होतो. पण टोप पुढे न करता तसाच हातात धरून राहिलो.

तिने माझ्या हातातून टोप घेतला आणि फळीवर ठेवून दिला. "मग उद्या घेऊ," ती म्हणाली.