अर्डिसच्या मापाची रायफल

कॉटनवुड क्रॉसिंग गावात पोरांचा बाप्तिस्मा पाद्री करतो आणि पहिली रायफल अर्डिस लुंड देते. पाद्री आजवर पाच बदलले, अर्डिस एकतीस वर्षं तीच. बियाणं, खिळे आणि गुरांचं मीठ विकणाऱ्या दुकानात मागच्या भिंतीशी तिचा काउंटर. बाईची उंची पाच फूट, तीही बूट घातल्यावर. काउंटरमागे एक लाकडी खोकं उपडं टाकून त्यावर ती उभी राहते आणि सहा फुटी गुराख्यांना खडसावते.

घरच्या ट्वेंटी-टू या छोट्या रायफलीवर हात बसलेलं पोर हरणासाठी मोठ्या काडतुसाची रायफल मागायला आलं, की बाप नळीबद्दल बोलतो, वर बसवायच्या दुर्बिणीबद्दल बोलतो, आणि अर्डिस पोराचा हात बघते. कोपर वाकवायला लावते, खांद्याला टेकतो त्या लाकडी दस्त्याचं टोक कोपराच्या खळगीत टेकवते आणि बोट चापापर्यंत पोचतं का ते पाहते. पोचलं नाही तर दस्ता मागून कापायचा. कापलेला तुकडा मात्र फेकायचा नाही. त्यावर पेन्सिलीने नाव आणि वर्ष घालून तो खालच्या खणात ठेवायचा, आणि पोर वाढलं की परत चिकटवून द्यायचा. बँकेचा मॅनेजर स्टॅन ओरवेल आता दारातून तिरका होऊन आत येतो, पण तोही एकेकाळी सव्वा इंचाने कमी पडला होता, याचा लेखी पुरावा त्या खणात आहे.

तिची दुसरी खोड म्हणजे फुसकं काडतूस. नेमबाजीच्या मैदानावर रायफल ती स्वतः भरते, पोराला पाठ फिरवायला लावून. कधी खरं काडतूस, कधी दारू नसलेलं. पोर चाप ओढतं. फुसकं असेल तर नुसतं 'टक्' होतं, आणि गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या भीतीने पोर आधीच दचकत असेल तर ते त्या क्षणी उघडं पडतं. डोळे मिटतात, नळी खाली जाते. अशा पोराची गोळी हरणाच्या छातीत न जाता पोटात जाते, आणि मग ते मुकं जनावर कुठल्यातरी घळीत दोन दिवस मरत पडतं. म्हणून अर्डिस दचकणाऱ्या पोराला हसत नाही, हलक्या धक्क्याची रायफल देते.

एवढ्या वर्षांत गावाच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. अर्डिस स्वतः कधी गोळी झाडत नाही. शिकारीच्या हंगामात म्हणायची, "दुकान कोण बघणार?" नंतर गुडघा दुखायला लागला, तेव्हा तिला मनातून बरंच वाटलं. खरं कारण तिने नवऱ्यालाही, मिल्ट बिचारा जाईपर्यंत, सांगितलं नव्हतं. अकराव्या वर्षी वडिलांनी तिच्या हातात थोरल्या भावाची रायफल दिली. खांदा निळा पडला, तिन्ही भाऊ पोट धरून हसले. तेराव्या वर्षी डोळे मिटून झाडलेली गोळी एका नर हरणाच्या मागच्या पायाला लागली. सबंध दुपार रक्ताच्या थेंबांमागे फिरूनही तो सापडला नाही. त्यानंतर दोन हंगाम तिने मुद्दाम हवेत गोळ्या झाडल्या आणि मग रायफल कायमची खाली ठेवली. जिच्या शब्दावर अख्खं गाव रायफल घेतं, ती स्वतःच दचकते, हे कळलं तर तिच्या काउंटरला काय किंमत राहणार? ही धास्ती तिने एकतीस वर्षं त्या खोक्यावर उभी राहून लपवली.

त्या ऑक्टोबरात डेल बाकेन दुकानात आला. मागून त्याची बारा वर्षांची जोरी. पोरगी इतकी बारीक, की शिकारीच्या नारिंगी जाकिटात ती शोधावी लागे. भुवईवर अर्ध्या चंद्राची ताजी खूण. अर्डिसने ती आधी पाहिली. डेलने आपली भलीमोठी, जबर धक्क्याची मॅग्नम रायफल काउंटरवर आडवी ठेवली.

"अर्डिस, हिचा दस्ता जोरीच्या मापाने कापून द्या."

"धक्क्याने दुर्बीण लागली ना गं भुवईला?" तिने जोरीला विचारलं.

"लागली थोडी," जोरी जमिनीकडे बघत म्हणाली.

"डेल, असल्या मॅग्नमचा दस्ता कापला की रायफल अजून हलकी होणार. हलकी झाली की दुप्पट लाथ मारणार. लहान पोराला हलकी बंदूक, हे खूळ या गावातून कधी जाणार देव जाणे!" तिने मागून अक्रोडी दस्त्याची, जाड नळीची एक जुनी, छोट्या काडतुसाची टू-फोर्टी-थ्री रायफल काढली. "ही घे. वजन रायफल सोसते, खांद्याला काही कळत नाही."

"हिने काय उंदीर मारायचेत?" डेल हसला. "मी या मॅग्नमवरच शिकलो. सवय होते. शनिवारी मैदानावर बघू. दचकली नाही तर नेतो, दचकली तर यंदा घरी. दचकणारं माणूस मला डोंगरात नको."

 मे महिन्यापासून जोरी बापाबरोबर हरणांच्या वाटा पालथ्या घालत होती, कुठलं हरीण कुठल्या घळीत उतरतं हे तिला पाठ होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

शनिवारी सगळं गाव मैदानावर. हंगामाआधी प्रत्येक जण आपली दुर्बीण तपासून घेतो, आणि लुथरन चर्चच्या बायका चिली, म्हणजे मांस-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल विकतात. जोरी बाकावर बसली. मॅग्नमचा दस्ता तिच्या काखेतच जात होता. अर्डिसने तिला पाठ फिरवायला लावली आणि फुसकं काडतूस घातलं.

टक्.

नळी वीतभर खाली गेली. पोरीचे डोळे गच्च मिटलेले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कोणीतरी म्हणालं, "मातीला लागली बघ!"

डेलचे कान लाल झाले. "बाकेनांच्यात असं कधी झालं नव्हतं."

जोरीने आवाजापासून वाचवणारं कानावरचं झाकण काढून ठेवलं. "मला जायचंच नाहीये," ती म्हणाली. ते खोटं होतं, आणि ते कसं बोलायचं हे अर्डिसला तेराव्या वर्षापासून, गेली एकावन्न वर्षं, माहीत होतं. तिला त्या हसणाऱ्यांचा असा संताप आला, की तिने हातातली खरी-फुसकी काडतुसं बाकावर ओतली.

"ऊठ गं जरा," ती म्हणाली. "डेल, भर ती रायफल. माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी? कशाला उगाच..."

"भर म्हटलं ना! मी पाठ फिरवते. तुला हवं ते घाल."

ती बाकावर बसली. तिचाही गाल दस्त्यावर नीट टेकत नव्हता. चिली वाढणारे डाव थांबले. अर्डिसने श्वास घेतला, अर्धा सोडला, जसं ती पोरांना शिकवायची तसं. मग चाप ओढला.

टक्.

नळी जोरीपेक्षाही खाली गेली. डोळे इतके घट्ट मिटले होते की उघडायला वेळ लागला. हसलं कुणीच नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

"बघितलंत? आता पोट भरून हसा," अर्डिस म्हणाली.  "तेरा वर्षांची होते. असंच डोळे मिटून झाडली आणि एका नर हरणाचा पाय तोडला. सापडला नाही तो. अजून कधीकधी स्वप्नात लंगडत येतो. डेल, सवय होते म्हणालास ना? होते. लपवायची सवय होते. तुझ्या पोरीला तीच लावायची असेल तर ने ती मॅग्नम."

 डेल अर्डिसच्या गाडीपाशी गेला आणि तिने बरोबर आणलेली टू-फोर्टी-थ्री घेऊन आला. जोरीने पाठ फिरवली, त्याने काडतूस घातलं. पहिल्या 'टक्'ला नळी जरा हलली. खऱ्या गोळीनंतर पोरगी चकित होऊन म्हणाली, "एवढंच?" चौथ्या फुसक्याला नळी जागची हलली नाही. डेलने तिच्या टोपीवर हात ठेवला आणि नाक पुसलं. गार वारा होता, असं तो नंतर सांगायचा.

सोमवारी अर्डिस दुकानात गेली. आता कोण येणार आपल्याकडे, हेच मनात. दहा वाजता स्टॅन ओरवेल आला, इकडेतिकडे बघून पुटपुटला, "जरा कमी धक्क्याची दाखवाल? बायकोसाठी." त्याची बायको पक्षी निरीक्षण करते आणि मांस खात नाही. अर्डिसने मान खाली घालून स्टॅनलाच कोपर वाकवायला सांगितलं. त्या आठवड्यात अशा चार बायकांचे नवरे येऊन गेले.

जोरीने त्या हंगामात एका गोळीत हरणाची मादी पाडली. टू-फोर्टी-थ्रीच्या दस्त्याचा तिच्या मापाने कापलेला तुकडा नाव घालून खणात पडला.

तीन वर्षांनी जोरी आली ती मान वर करूनच बघावी लागेल इतकी उंच होऊन. खोक्यावर उभी असलेली अर्डिस आता जेमतेम तिच्या बरोबरीला येत होती. पोरीने टू-फोर्टी-थ्री काउंटरवर ठेवली. अर्डिसने खणातून तुकडा शोधला, सरसाची बाटली काढली.

"चिकटवू नका," जोरी म्हणाली.

"का गं? तुला आखूड होते आता."

"खाली उतरा ना खोक्यावरून. कोपर वाकवा."

"वेड लागलंय का तुला?"

"वाकवा म्हटलं ना, मिसेस लुंड!"

अर्डिस उतरली. जोरीने दस्ता तिच्या कोपराच्या खळगीत टेकवला. अर्डिसचं बोट सरळ चापावर जाऊन बसलं, जरासुद्धा ताणावं लागलं नाही. इतकी वर्षं पोरांना रायफली मापून देताना तिने एकही कधी स्वतःच्या कोपराला लावून पाहिली नव्हती, आणि आता सदुसष्टाव्या वर्षी ही तिच्या मापाची निघाली.

"बाबा बाहेर गाडीत आहेत," जोरी म्हणाली. "खरी आणि फुसकी, दोन्ही काडतुसं आणलीत. मैदानावर चला. आज भरणार मी."

 अर्डिसचे डोळे भरून आले, ते तिने पुसले नाहीत. मग पेन्सिल घेतली, तुकड्यावर जोरीच्या नावाखाली स्वतःचं नाव आणि वर्ष लिहिलं, खण लावला आणि मागच्या खोलीतून कोट आणायला गेली.