जुलैतलं संत्रं
संत्र्याची साल नखानं फाटली, की मला महाल भागातलं ते दुकान आठवतं. मुलीला बीएस्सीला प्रवेश मिळाला होता आणि आम्ही तिच्यासाठी जुना लॅपटॉप बघायला गेलो होतो. दुकानदारानं एक सुरू केला. तो तापला तसा त्यातून संत्र्याचा वास यायला लागला, भर जुलैत, बाजारात संत्रं दिसत नाही तेव्हा. “काटोलच्या एका पोरीचा होता. किती पुसला, वास जातच नाही,” तो म्हणाला. “तिनं विकला काहून?” मी विचारलं. “ती गेल्यावर तिच्या बापानं आणून देला,” एवढंच बोलून त्यानं झाकण लावलं. आम्ही दुसऱ्या दुकानातून कोरा लॅपटॉप घेतला. घरी त्यावर आपलं नाव टाइप करून मुलीनं बोटं हुंगली. “बाबा, माझ्या हाताले संत्र्याचा वास काहून येऊन राहिला?” ती आता पुण्यात नोकरी करते. संत्रं सोललं की मी आधी तिला फोन लावतो, आणि ती उचलेपर्यंत फोड तोंडात घालत नाही.