चितेगावचं दुकान मीच उडवलं होतं

चितेगावचं एक दुकान नकाशावरून काढायला मला अर्धं मिनिट लागलं होतं. त्याची किंमत आज एका आजारी बाईनं दोन तास धापा टाकत मोजली.

नकाशेवाल्या मंडळींनो, आपण सगळे मिळून भरतो त्या नकाशात घुसलेल्या जाहिराती मी रोज काढून टाकतो. 'नुसत्या भाषेवरून बोगस दुकान ओळखतो, आजवर चुकलो नाय,' असं मीच इथं लिहिलं होतं.

आज सकाळी मुकुंदवाडीत माझ्या बॅटरीच्या दुकानासमोर रिक्षा थांबवून एकजण फोनवर रडकुंडीला आला होता. "भैया, तुम बोले वो दुकान नक्शे पे हैच नहीं! अम्मी का ऑक्सिजन खतम होरा!"

त्यानं घेतलेलं नाव मीच काढलेल्या दुकानाचं होतं. 'मराठवाड्यात नंबर वन, एकदा अवश्य भेट द्या' एवढंच वाचून मी अख्खी नोंद उडवली होती.

नकाशाच्या जुन्या बदलांमधून जागा शोधली आणि त्याच्याच रिक्षात बसून चितेगाव गाठलं. सिलिंडर मिळाला. दुकानदाराला मी खरं ते सांगितलं.

"नंबर वन माझ्या पोरीनं लिहिलं, भाऊ," तो म्हणाला. "तेवढं खोडायचं ना. सिलिंडर तर खरे हायेत!"

अम्मी आता उठून बसल्यात. नोंद मी परत टाकली: नाव, फोन आणि तिथं काय मिळतं ते. पण बाकीच्यांचं काय करू? सांगा कुणीतरी, लई घाबरलोय.

या महिन्यात मी बेचाळीस दुकानं नकाशावरून उडवली. त्यातल्या एकालाही मी फोन केला नव्हता.