पितळी नावावर पडलेला पाय

शनिवारी आम्हा विद्यार्थ्यांचा घोळका प्रागच्या जुन्या गल्ल्यांतून किल्ल्याकडे निघाला होता. एका दारासमोर फुटपाथमध्ये पितळी पट्ट्या बसवलेल्या होत्या. त्यांवर त्या घरातून नाझींनी छळछावणीत नेलेल्या ज्यू माणसांची नावं कोरलेली. सायलीचा पाय एका नावावर पडला. ती चटकन वाकली आणि पट्टीला हात लावून तिने तो कपाळाला लावला.

"इथे कुठला देव सापडला तुला?" निखिल हसला.

"पाय लागला रे. जन्मसाल बघ, चिमुरडी होती."

वडिलांच्या दलित चळवळीतल्या पत्रकांवर वाढलेला मी, नमस्काराला आजवर गुलामीच म्हणत आलो. पण तिथे मला गावाकडची आमची जाळलेली वस्ती आठवली, आणि त्या आगीत गेलेली धाकटी बहीण. आता त्या वस्तीच्या जागेवरून डांबरी रस्ता जातो. लोक रोज तिच्यावरून चालतात, आणि पाय लागल्याचं कुणाला कळतही नाही.