अजून दोन पावलं मागे

बर्फात फोटो काढायची तालीम मी बदलापुरात, सोसायटीच्या गच्चीवर केली. भर दुपारी पांढरी चादर अंथरून बायकोला तिच्यावर उभं केलं. कॅमेरा उल्हासनगरच्या एका सिंधी फोटोवाल्याकडून उसना आणला होता. त्याने बजावलं होतं, "साईं, बर्फ देखके कॅमेरा घबराता है, सब मैला खींचता है. रोशनी थोडी बढा देना."

"अहो, पाय भाजतायत," बायको म्हणाली. तालीम संपली.

मनालीच्या वर पोचलो तेव्हा माझ्या डोक्यात एकीवर एक अशा दोन कानटोप्या होत्या. थंडीने बॅटऱ्या मरतात म्हणून दोन्ही काखांत एकेक बॅटरी. घोडेवाल्याने पार कानाशी येऊन सांगितलं, त्या दगडांपलीकडे जाऊ नका, खाली नाला आहे, वरून बर्फ पक्का दिसतो. मी मान डोलावली. लक्ष सगळं उजेडाच्या बटणात.

पहिल्या फोटोत बर्फ चुलीतल्या राखेसारखा आला. दुसऱ्यासाठी उजेड इतका वाढवला की भाड्याच्या पांढऱ्या कोटातल्या बायकोची फक्त टिकली उरली. मग मला तिच्यासकट डोंगर हवा झाला.

"मागे हो. अजून दोन पावलं. अजून दोन. बस! आता हलायचं नाही!"

कॅमेऱ्यात बघतो तर नुसतं पांढरं. उजेड कमी केला, तरी पांढरं. डोळा काढला तर बाहेरही पांढरंच. ढग उतरला होता आणि बायको दिसत नव्हती.

तेव्हा मला नाला आठवला.

हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, आवाज फाटला. उत्तर नाही. काखेतली बॅटरी घसरून पोटावर आली, तिला धरायचं भान नव्हतं. लेक अंबरनाथला मावशीकडे होती. तिला काय सांगणार होतो? पहिला, राखेसारखा फोटो उघडला. त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. बायको, तिच्या मागे दगड, आणि दगडांमागे एक काळी रेघ. मी तिला त्याच रेघेकडे ढकलत नेलं होतं.

एवढ्यात मागून कुणीतरी माझ्या दोन्ही टोप्या खस्सकन ओढल्या. घोडेवाला. "भाभीजी कबसे चिल्ला रही हैं!"

कान उघडे पडले आणि पांढऱ्यातून आवाज आला, "बहिरे झालात का? हलू की नको, तेवढं तरी सांगा!"

"हलू नकोस!" मी किंचाळलो.

घोडेवाला काठीने बर्फ चाचपत आत गेला आणि तिला हाताला धरून घेऊन आला. ढगात तिला काहीच दिसलं नव्हतं. मला खाली मटकन बसलेलं पाहून ती म्हणाली, "एवढी थंडी सोसत नाही तर आलात कशाला?"

आता तोच राखेचा फोटो हॉलमध्ये लावलाय. "एक फोटो धड येत नाही यांना," ती पाहुण्यांना सांगते. मी कबूल करतो. पण एखादा पाहुणा जवळ जाऊन बोट ठेवतो, "ही काळी रेघ कसली?"

"काच मळलीय," मी म्हणतो आणि बाहीने पुसत राहतो.