शेगावले जाऊन आलो, की नाही?

मंडळी, सकाळपासून मले काही समजूनच नाही राह्यलं, म्हणून तुमालेच विचारतो.

मी रोज सायकलनं दुकानात जातो. यंदा एक ध्येय ठरवलं होतं: खामगाव ते शेगाव आणि परत, कुठंही पाय न टेकवता. आज ते जमलं. शेगावात शिरताच सायकल वळवली आणि थेट घरी आलो.

दारात आईनं हात पुढे केला. "प्रसाद?"

"मंदिरात गेलोच नाही. थांबायचं नव्हतं."

"काऊन? नवस बोलला होता का?"

"नाही. मीच ठरवलं होतं."

"मंग थांबला असता, तर कोण रागावलं असतं?"

पायात गोळे आलेत, आनंदही झालाय. पण सांगा, शेगावले गेलो होतो असं म्हणू का नको?